बाईंचा शनिवार

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणून बसले आणि पुढचे पंधरा दिवस एक ओळ लिहिली नाही. शाळा म्हटलं की मला घंटा, मैदान, डब्यातला लोणच्याचा वास यांतलं काही आधी आठवत नाही. ते बाकीच्यांनी लिहिलं असेलच. मला आठवतं एक झबलं. त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी एका मैत्रिणीकडे जाऊन येणं भाग होतं, आणि ते जाणं 40 वर्षं राहून गेलं होतं.

1984 साली मी नववीत होते. शिवणाच्या बाईंचं नाव मी लिहीत नाही, आमच्या तुकडीच्या मुली ओळखतीलच. बाई नाशिकच्या शरणपुरात राहायच्या, आमच्याच चर्चला यायच्या. संत वगैरे मुळीच नव्हत्या. जीभ कात्रीसारखी. टीप वाकडी गेली की अख्ख्या वर्गासमोर बोलायच्या, आणि नंतर त्यांनाच चुटपुट लागायची. त्यातूनच ‘बाईंचा शनिवार’ सुरू झाला असावा.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. आदल्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई जेवून, छत्री घेऊन बाहेर पडत. वाण्याची उधारी चुकती करत. नळावर जिच्याशी वाजलं असेल तिच्या दारात जात. धोब्याला जास्त बोलल्या असतील तर त्याच्याकडे. कुठे दोन मिनिटांत काम व्हायचं, कुठे तासभर बसून ऐकून घ्यावं लागायचं. वस्तीत याची थट्टा चाले. माझे वडील म्हणायचे, “एवढी पायपीट करायची तर आधी भांडायचंच कशाला?”

बाईंकडे याचं उत्तर होतं आणि ते बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं होतं. वेदीपाशी दान घेऊन आलात आणि भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेवा, आधी जाऊन त्याच्याशी समेट करा. बाई एका शब्दावर बोट ठेवायच्या. त्याच्या मनात. “तुझ्या मनात राग आहे का, हे विचारलेलंच नाही. तू विसरली असशील. तो विसरलाय का?”

हा अध्याय मला तोंडपाठ होता. वचनपाठांतराचं पहिलं बक्षीस तीन वर्षं माझ्याकडे होतं, आणि चर्चमध्ये मोठी माणसं माझ्या आईला म्हणायची, लेकीला चांगलं वळण लावलंत. आठवीच्या सुट्टीत दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं जाहीर करण्याच्या विधीच्या, वर्गाला माझं नाव घातलं तेव्हा एकट्या बाईंनी विचारलं, “तुला घ्यायचंय की घरच्यांना?” मग त्यांनी जलालपूरच्या लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितली. जलालपूर आपल्या नाशिकच्या अगदी जवळ, ते त्यांचं माहेर. नवऱ्यानं, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला 1900 साली. पाच वर्षं. नवरा गेला म्हणून त्या गेल्या नाहीत, आणि स्वतःला पटल्यावर लोक काय म्हणतील म्हणून थांबल्याही नाहीत. मी उत्तरादाखल एक वचन म्हणून दाखवलं. बाई काही बोलल्या नाहीत.

शिवणाच्या तासाला हात चालू असताना बाई गोष्टी सांगत. वर्गात सगळ्या जातिधर्मांच्या मुली, त्यामुळे धर्माचं प्रवचन नसायचं. पण शरणपूर हे नाव कुठून आलं, हे सांगायच्या. चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस साहेबांनी वसवलेली ही वस्ती. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून ठेवली, शिकवली. त्यांतला एक जेकब वेनराईट. हे नाव त्याला इथे मिळालेलं; आईबापांनी काय ठेवलं होतं, ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. हा पुढे आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत गेला. 1 मे 1873 ला लिव्हिंग्स्टन वारले. सोबतच्या माणसांनी त्यांचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, जेकबनं दफनाची प्रार्थना वाचली आणि खोडावर नाव कोरलं. मग वाळवलेला देह खांद्यावर घेऊन ती माणसं महिनोन्महिने चालत समुद्रापर्यंत गेली. वाटेत एक इंग्रज अधिकारी भेटला, तो म्हणाला इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं तेव्हा शरणपूरचा हा मुलगा खांदेकऱ्यांत होता.

“मध्येच पुरून मोकळे झाले असते तर विचारणारं कोण होतं?” एवढं बोलून बाई दोरा तोडायच्या. दातानं. आम्ही तोडला तर ओरडायच्या.

आता झबलं. सहामाहीला प्रत्येकीनं घरून एक झबलं हातानं शिवून आणायचं होतं. उलटीप, हेम, पुढे तीन काजं. माझं मावशीनं शिवलं. मावशी शिवणकामावरच घर चालवायची, तिच्या हाताला ते अर्ध्या तासाचं काम. मी बटणं लावली, तीही एक सैल. पंचवटीहून येणारी माझी बाकावरची मैत्रीण मात्र आठवडाभर स्वतः खपली होती. तिचं हेम डोंगरदऱ्यांसारखं, एका बाहीला चुण्या जास्त. बाईंनी ते वर धरून विचारलं, “हे झबलं की बटाट्याचं पोतं?” आणि माझं तिच्या हातात देऊन म्हणाल्या, “हिच्याकडून शीक.” वर्ग हसला. मीही हसले.

चार दिवसांनी गुण देऊन झबली परत आली. माझ्याजवळ येऊन बाईंनी काजांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. काजाचा टाका म्हणजे सही असते, शिवणाऱ्यांना ते कळतं. हळूच म्हणाल्या, “मावशीला सलाम सांग.”

बस्स. पुढे काही नाही. गुण कापले नाहीत, घरी कळवलं नाही. सोमवारी मात्र वर्गात उभ्या राहून म्हणाल्या, की त्या मुलीला मी बोलले ते चुकलं, तिचं काम तिच्या हातचं आहे. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आपल्या वाटणीचं त्यांनी फेडलं होतं. माझ्या वाटणीचं माझ्याकडे ठेवलं होतं.

त्या महिन्यात मी प्रभुभोजनाला पुढे गेले नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात गेले. पोटदुखी सवयीनं जाते.

मी पुढे परिचारिका झाले, चर्चच्या महिला मंडळात पदं भूषवली, नाताळात लोकांच्या घरी फराळाची ताटं पोहोचवली. वाईट माणूस नव्हते मी. पण महिन्याचा पहिला रविवार आला की ते पोतं एकदा डोळ्यांसमोर यायचं, आणि मी ‘आता तिला काय आठवत असणार’ म्हणून पुढे जायचे. बाईंचा तो शब्द मी सोयीनं उलटा करून घेतला होता.

गेल्या महिन्यात गेले. शनिवारीच, पण ते ठरवून नव्हे. तिला सुट्टी त्या दिवशी असते. ती आता गंगापूर रोडला राहते. चहा होईपर्यंत मी सांगून टाकलं, झबलं माझं नव्हतं.

“ते काय मला माहीत नव्हतं?” ती म्हणाली. “तुला साधं बटण लावता यायचं नाही.”

मग तीच गप्प झाली, आणि तिनं जे सांगितलं ते मला आजवर ठाऊक नव्हतं. वर्गात बोलण्याआधी, त्या शनिवारी, बाई तिच्या घरी गेल्या होत्या. शरणपूरहून चालत, होळकर पूल ओलांडून, रामकुंडाजवळच्या त्यांच्या वाड्यात. पांढरं पातळ, गळ्यात क्रूस. आजीला वाटलं ही धर्म सांगायला आली. आजी दारातच म्हणाली, “आमच्याकडे ते चालायचं नाही.” बाई म्हणाल्या, “मी माफी मागायला आलेय. तुमच्या नातीच्या झबल्याची.” आजीला काही उमजेना. शेवटी ओटीवर बसवलं आणि चहा दिला. कोनाड्यातल्या वेगळ्या कपातून.

“बाईंना कळलं गं,” मैत्रीण म्हणाली. “चहा पिऊन झाल्यावर त्यांनीच कप नळावर विसळला आणि त्याच कोनाड्यात ठेवला. मी बघत उभी होते. तुला कधी सांगितलं नाही, लाज वाटायची.”

मी विचारलं, आजी मग काय म्हणाली.

“काही नाही. पुढे बरेच महिने विचारायची, ती झबल्याची बाई परत आली नाही का गं?”