बरणीवरचा 30

“यात झिंक वीस टक्के आहे, म्हणजे एसपीएफ 30 झालाच की!” प्रदर्शनातल्या स्टॉलवरच्या ताई आज अगदी ठामपणे म्हणाल्या. एसपीएफ म्हणजे उन्हाने त्वचा भाजण्यापासून किती संरक्षण मिळतं, तो आकडा. घरगुती सनस्क्रीनच्या त्या बरणीत खोबरेल, मधमाशीचं मेण आणि झिंक ऑक्साइड, म्हणजे ऊन अडवणारी पांढरी पूड. उजेडात धरली तर तळाशी पांढरी कणी बसलेली.

तिथेच घोडं अडतं. ही पूड हाताने किंवा मिक्सरमध्ये तेलात नीट फुटत नाही, बारीक गुठळ्या राहतात. मेण निवेपर्यंत जड पूड खाली जाते. वर निव्वळ तेल, तळाला खडू. चेहऱ्यावर लावलं की मधेमधे उघड्या जागा राहतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. एसपीएफ नुसत्या टक्क्यांवरून निघत नाही. दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर देऊन तो त्वचेवर मोजतात.

लिंबाचा रस लावून तर उन्हात जाऊच नका. फोड येतात, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

कोरफड उन्हातून आल्यावर. पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक 10-15 मिनिटं निथळू द्या, धुवा, मग गर काढा. खाज बहुतेकदा त्या चिकानेच येते.

घरगुतीच हवं ना? मग ओढणी. दिव्यासमोर धरा; दिवा आरपार दिसला तर ऊनही येणार. घामाने भिजलेलं पातळ सुती कापड आणखीच कमी अडवतं.

बरणीवरचा तो 30 मार्करने लिहिलेला होता, चांगला ठळक. मोजला कुणी, हे गिऱ्हाइकांपैकी कुणी विचारत असेल का?