तिचा डबा रोज भरायचा

घरात सध्या 7 मुलं आहेत, 4 पोटची आणि 3 फॉस्टर, म्हणजे स्वतःच्या घरी राहता येत नाही म्हणून काही काळ आमच्याकडे सांभाळायला दिलेली, आणि लोकांना वाटतं माझी दमछाक कपड्यांच्या ढिगाने होत असणार. तसं नाहीये हो. कपड्यांचं काय, मशीन दोनदा लावलं की झालं.

फॉस्टर मुलांपैकी 9 वर्षांची मुलगी आली तेव्हा पहिले तीन आठवडे इतकी शहाण्यासारखी वागली की आम्ही म्हटलं चला, रुळली. ती रुळली नव्हती, घाबरलेली होती. जरा चुकलो की इथूनही पाठवतील असं या मुलांच्या डोक्यात असतं, आणि थोडा विश्वास बसला की मग रडणं, दारं आपटणं, खोटं बोलणं सगळं बाहेर येतं. आता ते सुरू झालं की मला उलट हायसं वाटतं.

मग एकदा चादर बदलताना तिच्या उशीच्या अभ्र्यात बिस्किटांचा चुरा आणि बुरशी आलेला ब्रेड. मोठा लगेच म्हणाला, आई ती चोरते. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, चोरी नाही रे ही. पुढचं जेवण मिळेल की नाही याची ज्यांना खात्रीच नव्हती ती मुलं पोट भरलेलं असलं तरी साठवून ठेवतात, आणि ओरडलं किंवा कपाटाला कुलूप लावलं तर अजून लपवतात. म्हणून तिला झाकणाचा डबा दिला, पलंगाशेजारी, रोज रात्री मी भरायचा, रिकामा दिसला तरी का म्हणून विचारायचं नाही. झालं, बाकीच्यांचं सुरू, आम्हाला का नाही? मग 7 डबे आणले. पोटच्या मुलांनाही लागतं हो हे सगळं, आणि तिच्या घरी काय झालं ते मी त्यांना सांगू शकत नाही, ती तिची गोष्ट आहे.

स्वयंपाकघरात मोठा बोर्ड आहे, त्यावर शाळा, दवाखाना, सोशल वर्कर कधी येणार, कोर्टाची तारीख, फॉस्टर मुलांचा त्यांच्या आईला भेटायचा दिवस. 4 वर्षांच्याला वाचता येत नाही म्हणून त्याच्यासाठी चित्रं. उद्या काय आहे हे माहीत असलं की रात्र बरी जाते. फक्त भेटीच्या दिवशी संध्याकाळी मी दुसरं काहीच ठेवत नाही, कारण भेट छान झाली तरी रात्री कोणी जेवत नाही, कोणी अंथरूण ओलं करतं. आई आहे ती त्यांची, आठवण येणारच. तिच्याबद्दल घरात कोणीही वाईट बोलायचं नाही हा नियम आहे, आणि तो पाळणं मलाच सगळ्यात जड गेलं.

मागे एकदा ती 9 वर्षांची बूट घालून तयार झाल्यावर भेट रद्द झाल्याचा फोन आला. मी खूप चिडले, पुढच्या वेळी आधी मला कळवा म्हणून सांगितलं. नेमकं त्याच आठवड्यात, आता वर्ष झालंय, कशाला लागतोय डबा, असं म्हणून मी तो भरायचं बंद केलं होतं. तिसऱ्या दिवशी ब्रेड सापडला, तिच्या त्याच बुटात.

आता रोज झोपायच्या आधी भरते.