वरून दोन थर का मारले नाहीत

"ताई, वरून फायबरचे दोन थर मारून टाकायचे ना. अख्खी बोट कशाला फाडलीत?" दिवाळ्याच्या जेट्टीवर हे ऐकलं, वाशीला प्लायवूड घेताना ऐकलं, घरी जेवताना तर कितीदा. १७ फुटी जुनी बोट, मागे ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, आतलं लाकूड कुजलेलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

बोटीच्या तळाला आतून ताठ धरतात ते दोन लांब स्ट्रिंगर, आणि इंजिनचा सगळा रेटा घेतो तो मागचा ट्रान्सम. दोन्हींत आत लाकूड, वरून फायबर. काही बोटींत हे वरचं फायबर इतकं जाड असतं की लाकूड नुसता साचा म्हणून उरतं. ते कुजलं तरी फारसं बिघडत नाही. तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. या बोटीच्या स्ट्रिंगरवर मात्र काचेच्या धाग्यांची जेमतेम दोन मिलीमीटर मॅट होती. भार लाकूडच घेत होतं. फायबर ज्यात भिजवून चिकटवतात ते रेझिन ओल्या लाकडावर धरत नाही. वरून थर मारले की ओल आत कोंडते आणि कूज पुढे सरकत राहते.

"खाऱ्या पाण्यात लाकूड कुजत नाही," हेही मला सांगून झालं. खाडीच्या पाण्याने कुजवलंच नाही. कुजवलं पावसाच्या गोड्या पाण्याने. १ जूनला मासेमारी बंद झाली की बाकीच्या होड्यांबरोबर हीसुद्धा वर ओढली जायची, ताडपत्रीखाली. खुर्च्यांच्या स्क्रूच्या भोकांतून पाणी फ्लोअरखाली उतरायचं. तिथलं पाणी मागे वाहून जावं म्हणून स्ट्रिंगरला भोकं होती, पण ती नुसती ड्रिलने पाडलेली, आतून कच्चं प्लायवूड उघडं. कूज तिथूनच सुरू झाली. ६ मिलीचं ड्रिल घालून पाहिलं. सुक्या जागी फिकट भुसा उडतो. इथे ड्रिलला काळा लगदा चिकटून आला, भिजलेल्या गोणपाटाच्या वासाचा. मुठीत दाबला तर बोटांतून पाणी निघालं. यावर थर मारायचे?

आता जे चुकलं ते. दोन्ही स्ट्रिंगर मी एकाच दिवशी कापून काढले. मे महिना, बोट ट्रेलरच्या रोलरवर, वर सावली नाही. जुनं फायबर ग्राइंडरने घासायला मोकळी जागा मिळेल, हा हिशेब होता. घासायचं खूप असतं. कापलेल्या कडेला जाडीच्या बारा पट उतार द्यावा लागतो, म्हणजे ६ मिलीच्या फायबरला ७२ मिली. तो हिशेब चुकीचा नव्हता. पण स्ट्रिंगर नसलेला तळ म्हणजे नुसती लवचीक पाटी, आणि उन्हात तापलं की फायबर आणखी मऊ पडतं. बोटीचं वजन मागच्या रोलरवर बसलं आणि तेवढा तळ आत दबला. ते मला दिसलंच नाही. नवा डावा स्ट्रिंगर मी त्या दबलेल्या तळावर बेतून कापला, बसवला आणि फायबरने पक्का केला. उजव्याचं माप घेताना खालून चार फुटी सरळ पट्टी लावली तेव्हा ट्रान्समच्या पुढे ७ मिलीची फट दिसली.

७ मिली म्हणजे काही नाही, असं वाटेल. पण तळाला मागच्या बाजूला असा खळगा असला की वेगात बोटीचं नाक खाली दाबलं जातं, वेग मिळत नाही आणि लाटेत ती कुठेही वळते. आकार पक्का झाला की नवं फायबरच तो धरून ठेवतं. म्हणून आठ दिवसांपूर्वी बसवलेला स्ट्रिंगर पुन्हा कापून काढला. रोलरचा आधार काढून तळाच्या आकाराच्या लाकडी घोड्या खळग्याच्या दोन्ही बाजूंना लावल्या, आतून खळग्यावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि दोन दिवस ऊन खाऊ दिलं. पट्टीखाली एक मिली उरला. तो आजही आहे.

आधी घोड्या, मग दोरी ताणून घेतलेली मापं, मग एकच स्ट्रिंगर काढायचा, तो बसला की दुसरा. हे मला आधी माहीत होतं. तरी तेव्हाची मी म्हणत होते की घासताना हात पोचला नाही तर नवं फायबर जुन्याला धरणार नाही. तिचं ते म्हणणं मला अजून खोडता येत नाही.

रेझिनवरूनही वाद आहेच. कोळीवाड्यातले कारागीर पॉलिएस्टर वापरतात, त्यांच्या होड्या वर्षानुवर्षं चालतात. मी इपॉक्सी घेतलं, कारण जुन्या सुकलेल्या फायबरला आणि लाकडाला ते जास्त घट्ट धरतं. खर्च मात्र कितीतरी जास्त. आणि इपॉक्सीबरोबर नेहमीची मॅट चालत नाही. मॅटचे धागे बांधून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. तिरकस धाग्यांचं शिवलेलं कापड घ्यावं लागतं. पॉलिएस्टर वापरणार असाल तर रेझिन घट्ट करणारा हार्डनर आणि त्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट थेट एकमेकांत कधीही ओतू नका. स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर.

ट्रान्सम त्या मानाने सरळ गेला. आयएस ७१० शिक्क्याच्या १९ मिली मरीन प्लायचे दोन थर चिकटवून ३८ मिली. इंजिनच्या बोल्टची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरली, सुकल्यावर त्यातच नेमक्या मापाची भोकं पाडली. बोल्टला आता लाकूड लागतच नाही. स्ट्रिंगरच्या भोकांतही प्लास्टिकच्या नळ्या बसवल्या आहेत.

नाळेकडचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, दोन फूट भाग मी उघडलेला नाही. तिथे लाकडी हातोडीने ठोकलं की आवाज ना खणखणीत ना भद्द. पाऊस तोंडावर होता, आणि दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो. तो धुऊन घासल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. नोव्हेंबरात तिथे ड्रिल घालीन. काळा लगदा आला तर तेवढंही फाडेन.