लेबलावरचं शेवटचं अक्षर

मेमरी वाढवली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना, की बाजारात दोनच निदानं मिळतात: एक तर 'रॅम (म्हणजे मेमरीची पट्टी) खराब', नाहीतर 'बोर्ड (मदरबोर्ड) गेला'. इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या वहिनींच्या वाट्याला दुसरं आलं. त्या घरी बसून लग्नपत्रिकांची डिझाइनं करतात. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप एकदम उघडलं की ४ जीबीत मशीन अडायचं, म्हणून त्यांनी ऑनलाइन ८-८ जीबीच्या दोन वापरलेल्या रॅमच्या पट्ट्या मागवल्या, स्वस्तात. लावल्या तर पंखा फिरतो, दिवा लागतो, मॉनिटर मात्र काळा. कॅबिनेट दुकानात नेलं, तिथल्या मुलाने बोर्ड बदला म्हणून सांगितलं. तेही ऐन लग्नसराईत.

"भाऊजी, पट्ट्या बदलेपर्यंत छान चालत होता हो," वहिनी म्हणाल्या.

"मग जुनी पट्टी परत लावून पाहिली का कुणी?"

कुणीच पाहिली नव्हती. या गोष्टीचा मला खरंच राग येतो. बोर्ड गेला की नाही हे त्या एका पट्टीने कळतं, आणि त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. प्लग काढायचा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरायचं म्हणजे आत उरलासुरला करंट निघून जातो, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावायचा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते, मग जुनी पट्टी तिच्या जुन्याच जागी. मी तेवढं केलं आणि विंडोज उघडलं. जुनी पट्टी लावूनही काळाच पडदा असता, तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल थोडा वेळ काढून बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंग पुसून बघितली असती. छोटा स्पीकर जोडून, रॅम पूर्ण काढून सुरू करणं हाही एक उपाय. तेव्हा बोर्डाने बीप दिली तर निदान प्रोसेसर शुद्धीवर आहे एवढं तरी समजतं. हल्लीच्या कॅबिनेटांत तो स्पीकर बहुतेक देतच नाहीत.

आता नव्या पट्ट्या. एकेक करून दोन्ही स्लॉटांत लावल्या. सोनेरी टोकांवरून खोडरबर फिरवलं, कचरा ब्रशने झटकला, दोन्ही अंगठ्यांनी खट् आवाज येईपर्यंत दाबलं. बोर्ड जरा वाकतो तेव्हा छातीत धस्स होतं, पण अर्धवट बसलेली पट्टी हेच या दुखण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. इथे मात्र तसं नव्हतं.

कागदावर सगळं जुळत होतं. इंटेलच्या एच८१ चिपसेटचा बोर्ड, चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, डीडीआर३ या पिढीच्या रॅमचे दोन स्लॉट, जास्तीत जास्त १६ जीबी. डीडीआर४ असती तर खाचच जुळली नसती, पट्टी आत गेलीच नसती. ही गेली, कारण २४० पिनांची डीडीआर३ च होती. मग चष्मा लावून लेबल वाचलं: '२आर×४ पीसी३-१२८००आर'.

घोळ त्या शेवटच्या 'आर'मध्ये. ती रजिस्टर्ड, म्हणजे सर्व्हरची रॅम. प्रोसेसरकडून येणारे पत्ते आणि हुकूम आधी पट्टीवरच्या एका रजिस्टर चिपमध्ये जातात आणि तिथून मेमरीच्या चिपांकडे. घरगुती बोर्डाला ही पद्धतच चालत नाही. त्याला शेवटी 'यू' लागतो, म्हणजे रजिस्टर नसलेली पट्टी. '×४' ही दुसरी खूण, म्हणजे एकेक चिप एका वेळी चार बिट देते: इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर ×४ च्या चिपा घेत नाहीत, ×८ किंवा ×१६ लागतात. 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्त डीडीआर३ विकतात ना, तिथेही बहुधा हीच भानगड असते. १२८०० हा आकडा निव्वळ वेगाचा, रॅमचा १६०० चा वेग गुणिले ८ बाइट. लोक नेमका तोच जुळवून बघतात. लेबल पुसट असेल तर चिपा मोजा. ईसीसी, म्हणजे चुका पकडायची सोय, असलेल्या डीडीआर३ पट्टीवर आठाच्या जागी नवाचा हिशेब असतो, आणि मधोमध एखादी वेगळ्या आकाराची चिप दिसली तर ती रजिस्टर समजा.

"म्हणजे फसवलं की हो आपल्याला!"

तसं म्हणता येत नाही. विकणाऱ्याच्या पानावर 'सर्व्हर' हा शब्द होता, बारीक अक्षरात का होईना. पट्ट्या धडधाकट होत्या, घर चुकलं होतं. त्याने त्या परत घेतल्या. मग आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून '२आर×८ पीसी३-१२८००यू'च्या दोन आणल्या, काउंटरवरच लेबल वाचून. पहिल्याच फटक्यात मशीन सुरू. तरी वापरलेला माल, म्हणून रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालू ठेवला. सकाळी एकही एरर नाही.

(नवं डीडीआर५ चं मशीन असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो. बोर्ड तेव्हा मेमरीचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेत असतो. मधेच प्लग ओढू नका.)

एवढं करून विंडोज म्हणतं, १६ जीबी बसवली आहे, वापरता येते तीनच्या आसपास. वहिनींकडे ३२ बिटचं विंडोज आहे, त्याची धाव ४ जीबीपर्यंतच, आणि त्यातलाही काही हिस्सा मशीनच्या इतर भागांसाठी राखलेला. ६४ बिटचं टाकायचं तर विंडोज आणि सगळे प्रोग्रॅम नव्याने बसवावे लागणार, आणि हातातल्या पत्रिका छापून गेल्याशिवाय वहिनी मला मशीनला हात लावू देणार नाहीत.