क्वारंटाइनमधली फाइल आणि लाल फुलीचा रकाना

सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणात एक वाक्य हमखास असतं: ‘अटॅचमेंट अडकलं तर आयटीकडे विनंती करा.’ बस, एवढंच. पुढची स्लाइड पासवर्डची. ही विनंती नेमकी कशी करतात ते मी नुकतंच अनुभवलंय, राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय.

मी अकाउंट्समध्ये काम करते. एका जुन्या पुरवठादाराकडून महिनाअखेरीला बिलांची झिप फाइल येते. या वेळी त्यांनी तिला पासवर्ड घातला आणि तो त्याच मेलमध्ये खाली लिहून टाकला. आमच्या मेल गेटवेने, म्हणजे येणारे मेल तपासणाऱ्या यंत्रणेने, फाइल अडवली आणि क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइलींच्या कोंडवाड्यात, टाकली. माझ्यापर्यंत पोचली ती फक्त सूचना.

अडवली ते बरोबरच केलं, हे आधीच सांगते. एरवी गेटवे संशयास्पद अटॅचमेंट एका बंदिस्त आभासी संगणकात उघडून बघतो, ते काय उचापती करतंय यावर नजर ठेवतो आणि मगच पुढे सोडतो. झिपला पासवर्ड असला की त्याला आतलं काहीच दिसत नाही. एमोटेट नावाचं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) पसरवणारी टोळी नेमकी हीच युक्ती वापरायची: झिपला पासवर्ड, आणि पासवर्ड मेलच्या मजकुरात. वर तो मेल कुणा परक्याचा वाटायचाच नाही. चोरलेल्या जुन्या संभाषणाला उत्तर म्हणून तो यायचा. जानेवारी 2021 मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्यांचं जाळं मोडलं आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एमोटेट पुन्हा दिसू लागलं. त्यामुळे ‘अहो, पण मी त्यांना ओळखते’ हे माझं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही, याची तक्रार नाही.

तक्रार आहे ती फाइल सोडवण्याच्या विनंतीच्या फॉर्मची.

पाठवणाऱ्याचा पत्ता, कामाचं कारण, साहेबांची मंजुरी, सगळं पटापट झालं. मग आला एक रकाना: ‘फाइलचा एसएचए-256 हॅश’. बाजूला लाल फुली, म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही. हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून गणिताने काढलेली ओळख, 64 अंक-अक्षरांची. आत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी ती पार बदलते. पण ती काढायला फाइल हातात लागते. फाइल क्वारंटाइनमध्ये. ती सोडवायला फॉर्म, आणि फॉर्मला हॅश!

‘उपलब्ध नाही’ लिहून पाहिलं. उत्तर: 64 अक्षरं आवश्यक. हेल्पडेस्कला फोन केला तर, ‘मॅडम, तिकीट टाका, त्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही.’ म्हटलं, तिकीट म्हणजे हाच फॉर्म ना? ‘हो, तोच.’ मग ‘इतर’ या प्रकारात तिकीट टाकलं. ते प्रिंटरवाल्यांकडे गेलं आणि ‘आमच्या कक्षेत नाही’ असा शेरा मारून त्यांनी बंद केलं. चॅटबॉटला विचारलं, त्याने मोठ्या तत्परतेने त्याच फॉर्मची लिंक दिली. इकडे बिलांची मुदत जवळ येत होती आणि साहेब जाता-येता ‘झालं का?’ विचारत होते.

अशातच पुरवठादाराकडच्या मॅडमचा फोन. ‘तुमच्या पर्सनल मेलवर टाकू का? नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप करते, दोन मिनिटांचं काम.’ खरं सांगते, मोह झाला. फॉर्म बनवणाऱ्यांनी नेमका हा क्षण डोळ्यांपुढे आणावा. पर्सनल मेलवर ऑफिसचा गेटवे नसतो, आणि तिथून फाइल लॅपटॉपवर उतरवली की सुरक्षावाल्यांना पत्ताही लागत नाही. आरएसए ही सुरक्षेच्याच धंद्यातली कंपनी. 2011 साली तिथे घुसखोरी झाली, ती एका कर्मचाऱ्याने जंक फोल्डरमधून बाहेर काढून उघडलेल्या एक्सेल फाइलमधून. तिथेही फिल्टरने आपलं काम केलंच होतं. मी मॅडमना नको म्हटलं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

उलट त्यांनाच कामाला लावलं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयूटिल’ नावाची सोय असते, तिने फाइलचा हॅश निघतो. त्या बिचाऱ्यांनी पहिल्यांदाच ती काळी खिडकी उघडली. हॅश काढला आणि 64 अक्षरं मला फोनवर वाचून दाखवली. हा फोन मी आमच्या जुन्या नोंदींतल्या नंबरवर स्वतः लावला होता, हे महत्त्वाचं. मेलखालच्या सहीतला नंबर कधीच वापरू नका. मेल खोटा असेल तर तो नंबरही भामट्यांचाच असतो.

फॉर्म एकदाचा गेला. मग मी सरळ उठून सुरक्षा टीमच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. तिथल्या मुलाने त्याच्या स्क्रीनवर माझी फाइल काढली. शेजारीच हॅश दिसत होता.

‘हा तुम्हाला दिसतो?’

‘हो मॅडम. तो रकाना खरं तर आमच्यासाठी आहे.’

‘मग माझ्या फॉर्मवर लाल फुली कशाला?’

‘फॉर्म दुसऱ्या टीमचा आहे.’

यावर काय बोलणार?

दोन्ही हॅश जुळले तेव्हा मी जरा ऐटीत होते. त्याने शांतपणे हवा काढली. म्हणाला, यावरून एवढंच कळतं की त्यांनी पाठवलेली आणि आपल्याकडे आलेली फाइल एकच आहे. त्यांच्याच संगणकात काही शिरलं असेल, तर बाधित फाइलचाही हॅश असाच जुळेल. पटलं मला. त्याने पासवर्ड घालून झिप त्या आभासी संगणकात उघडली. घातक काही निघालं नाही, पण आत मॅक्रोवाली, म्हणजे आत छोटा प्रोग्रॅम असलेली, एक्सेल फाइल होती. का, तर बिलांची बेरीज करायला कुणीतरी हौसेने बटण बसवलेलं!

आणि इथे खरा संताप झाला. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट ऑफिस 2022 पासून मुळातच अडवतं, वर लाल पट्टी येते. म्हणजे फाइल सुटली असती तरी ते बटण चाललंच नसतं. मला हवे होते नुसते आकडे. मॅडमना म्हटलं, मॅक्रोशिवाय साधी एक्सेल फाइल द्या, आणि मेलने नको, आपल्या शेअर्ड फोल्डरमध्ये टाका. चहा संपायच्या आत आली. तेव्हा तुमचं काही अडकलं, तर फॉर्मला हात लावण्याआधी पाठवणाऱ्याला विचारा: हेच दुसऱ्या स्वरूपात देता येईल का? पासवर्ड खरंच हवा असेल, तर कंपनीने ठरवून दिलेल्या मार्गानेच पाठवायला सांगा.

विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन्स (नावाच्या शेवटी टिंबानंतरची, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं) दिसतील अशी सेटिंग मात्र आजच करून घ्या. 2000 साली आय-लव्ह-यू वर्म पसरला तेव्हा फाइलच्या नावात ‘टीएक्सटी’, म्हणजे साधा मजकूर, दिसत होतं आणि त्यामागचं ‘व्हीबीएस’, म्हणजे चालणारी स्क्रिप्ट, विंडोजने लपवलं होतं. लोकांनी प्रेमपत्र समजून स्क्रिप्ट चालवली. ते लपवणं विंडोजमध्ये अजूनही आपोआप चालू असतं.

आणि हो, एक राहिलंच. ‘तुमचे मेल क्वारंटाइनमध्ये अडकले आहेत, सोडवण्यासाठी इथे क्लिक करा’ अशा खोट्या सूचनाही येतात. क्लिक केलं की हुबेहूब लॉगिनचं पान उघडतं. खरी सूचना आली तरी त्यातली लिंक दाबू नका, क्वारंटाइनचं पान ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा आणि तिथूनच जा. आमच्या हेल्पडेस्कने हे बुकमार्कचं सांगितलं नाही. सुरक्षा टीमच्या त्या मुलाने सांगितलं, तेही मी निघता निघता.