रिकामे रकाने

रविवार, रात्री

गाण्यांच्या हार्ड डिस्कवरील नोंदी नीट लावण्याचे काम मी सध्या सुट्टीच्या दिवशी थोडे थोडे करीत असते. आज यमनचा फोल्डर घेतला आणि दुपार कशी सरली ते समजले नाही. पाहणाऱ्याला हे कारकुनी काम वाटेल आणि ते तसे आहेही. फाईल उघडायची, काही मिनिटे लक्ष देऊन ऐकायची, गायकाचे नाव, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, तबल्याची आणि पेटीची साथ, मैफलीचे साल यांपैकी जे खात्रीने ठाऊक असेल ते त्या त्या रकान्यात भरायचे आणि पुढच्या फाईलकडे वळायचे. मात्र ज्या फाईलची नोंद मी स्वतः केली तेवढीच माझ्या संग्रहात आली, बाकीच्या नुसत्या डिस्कवर पडून आहेत, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे. ताल लिहायचा असला की मात्रा मोजाव्याच लागतात, आणि आजवर कितीतरी वेळा कानांवरून गेलेले गाणे झपतालातले आहे हे त्या मोजणीतच कळते.

हे रकाने मुळात आपल्या संगीतासाठी आखलेले नाहीत, ही यातली खरी अडचण आहे. एमपीथ्री फाईलच्या पोटात माहिती लिहिण्याची ‘आयडीथ्री’ नावाची सोय 1996 साली निघाली. तिची पहिली आवृत्ती म्हणजे फाईलच्या शेवटी जोडलेले अवघे 128 बाइट होते. त्यांत शीर्षकाला 30, कलाकाराला 30, अल्बमला 30, सालाला 4, शेऱ्याला 30 आणि संगीतप्रकाराला फक्त 1 बाइट मिळे. देवनागरीचा विचार तेव्हा कोणी केलेला नव्हता, आणि केला असता तरी फारसे साधले नसते. संगणकात अक्षरे साठविण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते आणि काना, वेलांटी, हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणजे 30 बाइटांत दहाच चिन्हे मावली असती आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांचे आडनाव तर राहोच, पहिले नावही पुरे लिहून झाले नसते. संगीतप्रकारांची जी मूळ 80 नावांची यादी होती, तिच्यात पोल्का होता, ग्रंज होता, डिस्को होता. ख्याल, ठुमरी, अभंग, नाट्यगीत, लावणी यांपैकी काहीही नव्हते. आपल्यासाठी त्या यादीत 48व्या क्रमांकावर ‘एथ्निक’ असा एक शब्द होता, आणि जुन्या फाईलींत तो अजूनही जागोजागी सापडतो. भैरवीही एथ्निक आणि पोवाडाही एथ्निक!

पुढच्या आवृत्त्यांत सर्व लिप्यांना सामावून घेणारे युनिकोड आले, मजकुराच्या लांबीचे बंधन गेले आणि संगीतप्रकार आपल्या शब्दांत लिहिता येऊ लागला. तरीही गाणे, कलाकार आणि अल्बम या तिघांवर सारा डोलारा उभा करण्याची रीत कायम राहिली, आणि ती आपल्याला अपुरी पडते. भावगीताचा ‘कलाकार’ कोण मानायचा? आकाशवाणीच्या निवेदकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवला आहे. गाणे लावण्यापूर्वी ते गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे आदराने घेतात, आणि ती ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला त्यांतले एक जरी गळले तरी चुकल्यासारखे वाटते. म्हणून मी भावगीतांसाठी ‘कंपोजर’च्या रकान्यात संगीतकार आणि ‘लिरिसिस्ट’च्या रकान्यात कवी असा नेम ठेवला आहे. ख्यालासाठी संगीतप्रकाराच्या जागी राग, शीर्षकात बंदिशीचे पहिले शब्द आणि ताल, आणि शेऱ्यात साथीदार. ही पद्धत कोणत्याही पुस्तकात सांगितलेली नाही आणि दुसऱ्याला ती पटेलच असेही नाही. पण रागाच्या नावावर टिचकी मारताच निरनिराळ्या घराण्यांचे बागेश्री एकाखाली एक उभे राहतात. तो लाभ मला फार मोठा वाटतो, कारण आमोणकरबाई, कुमारजी आणि भीमसेनजी एकाच रागाकडे किती वेगळ्या वाटांनी जातात ते लागोपाठ ऐकल्याशिवाय नीट उमगत नाही.

एक बारीक कटकट येथेच टिपून ठेवते. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे यंत्राच्या लेखी तीन वेगळे गृहस्थ असतात. रकान्यात उपाधी लिहायची नाही असे मी ठरविले. तसे करताना प्रथम मनाला थोडे लागले, पण उस्ताद, पंडित, विदुषी, गानतपस्विनी अशा आद्याक्षरांनी यादी लावल्यास कोणीच सापडत नाही.

मंगळवार

काल रात्री एक मैफल ऐकताना मधेच अडखळल्यासारखे झाले आणि आज त्याच्या कारणाचा पाठपुरावा केला. विलंबित एकतालातला बडा ख्याल एका फाईलमध्ये आणि त्याला जोडून आलेला द्रुत तीनताल दुसऱ्या फाईलमध्ये, अशी सीडीवरून उतरवून घेतलेली ही जोडी आहे. मूळ मैफलीत गायक विलंबिताच्या मुखड्यावरून उतरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो आणि तबलजी तिथूनच नवा ठेका धरतो. तंबोरे अर्थातच अखंड चालू असतात. सीडीवर दोन भाग वेगळ्या क्रमांकांचे असले तरी ध्वनी सलग असतो. एमपीथ्री मात्र ध्वनीचे 1152 नमुन्यांचे तुकडे पाडते, म्हणजे सीडीच्या सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या हिशेबाने एक तुकडा साधारण 26 मिलिसेकंदांचा होतो. शेवटचा तुकडा अपुरा असला तर तो शांततेने भरून काढला जातो आणि आरंभीही थोडी शांतता जोडली जाते. अशा रीतीने दोन फाईलींच्या सांध्यावर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपासची फट पडते.

एवढ्याशा फटीचे काय, असे कोणी विचारील. सुटी सुटी गाणी ऐकणाऱ्याला ती कळणारही नाही, कारण दोन गाण्यांमध्ये शांतता असतेच. पण तंबोरा क्षणभर तुटला की बैठकीतून कोणी तरी दार उघडून बाहेर गेल्यासारखे वाटते, आणि समेची वाट पाहणाऱ्या कानाला तर तो धक्काच बसतो. ‘लेम’ या एमपीथ्री फाईली बनविणाऱ्या प्रसिद्ध एन्कोडरने यावर तोड काढलेली आहे. आपण मागेपुढे किती शांतता जोडली याची नोंद तो फाईलच्या आरंभी करून ठेवतो, आणि ती नोंद वाचणारा प्लेअर असेल तर तेवढा भाग गाळून दोन्ही बाजू सांधतो. माझ्या या जोडीत ती नोंद नाही. तेव्हा सीडी पुन्हा काढून तिच्यावरून फ्लॅक फाईली करणे हाच मार्ग उरला, आणि आज संध्याकाळी तेच केले.

फ्लॅक 2001 साली आले. त्यात ध्वनीतले काहीही टाकून दिले जात नाही, सीडीवरचा नमुना न् नमुना परत मिळतो. बदल्यात जागा बरीच लागते. सीडीचा एक तास म्हणजे सुमारे 635 मेगाबाइट, फ्लॅकमध्ये तो बहुधा निम्म्याच्या आसपास येतो, तर सेकंदाला 320 किलोबिटची एमपीथ्री 144 मेगाबाइटांत आणि 128 किलोबिटची 58 मेगाबाइटांत आटोपते. एमपीथ्रीचे सारे कौशल्य माणसाच्या कानाला ठळक स्वराच्या आड जे ऐकूच येत नाही ते वगळण्यात आहे, आणि पुरेसे बिट दिले तर ते कौशल्य खरोखर थक्क करणारे आहे. 320 किलोबिट आणि फ्लॅक यांतला फरक मला तरी डोळे मिटून सांगता येत नाही, आणि ज्यांना तो नेहमी सांगता येतो असे म्हणतात त्यांच्याविषयी मला शंका आहे. मात्र पूर्वी मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात शेकड्याने गाणी भरून मिळत, त्यांतल्या 64 किलोबिटच्या फाईलींत तंबोऱ्याची जवारी पार विरघळून गेलेली असते. तारेतून उमलणाऱ्या वरच्या स्वरांचे ते दाट जाळे कमी बिटांत मावत नाही आणि त्याच्या जागी पाण्याखालून आल्यासारखा खळखळाट उरतो. चित्रपटगीते त्यातून तरून जातात, मिरजेचा तंबोरा जात नाही.

गुरुवार

कार्यालयातील एका सहकाऱ्याने विचारले की महिन्याचे थोडे पैसे भरले की सगळे संगीत फोनवर हजर असताना हा खटाटोप कशासाठी. प्रश्न रास्त आहे. मीसुद्धा अशा एका सेवेची वर्गणीदार आहे आणि नवे गायक मला तिथेच भेटतात. मात्र तिथे उतरवून ठेवलेली गाणी त्या ॲपच्या कुलपात असतात, वर्गणी थांबली की तीही थांबतात, आणि मागे एक आवडते ध्वनिमुद्रण तर कसलीही सूचना न मिळता यादीतून नाहीसे झाले होते. त्याहून मोठे कारण असे की मामांनी खासगी मैफलींत भरून ठेवलेल्या सी-90 कॅसेटी कोणत्याच सेवेवर मिळणार नाहीत. त्या मी संगणकावर उतरवून घेतल्या आहेत. त्यांत खोकणारे श्रोते आहेत, मधेच बाजू पालटल्यामुळे तुटलेली तान आहे आणि ‘क्या बात है’ म्हणणारा एक ओळखीचा आवाजही आहे. त्या फाईलींतला साथीदारांचा रकाना पुष्कळ ठिकाणी रिकामा आहे आणि तो भरून देऊ शकतील अशी माणसे आता थोडी उरली आहेत, म्हणून रविवारी मामांकडे जाताना लॅपटॉप बरोबर नेणार आहे.

जुन्या तबकड्यांवरून आलेल्या फाईलींचा वेगळा फोल्डर आहे. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, त्यामुळे अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी असो वा केसरबाई केरकरांची भैरवी, सगळे तेवढ्यात बसवलेले आहे. केसरबाईंची ती भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळातही गेली. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर 60 वर्षांनी त्यावरचा हक्क संपतो, त्यामुळे खाँसाहेबांच्या हयातीतल्या तबकड्या निर्धास्तपणे मैत्रिणींनाही देता येतात. या फाईलींतली खरखर काढून टाकावी का, यावर मी बराच विचार केला. थोडी काढली तर चालते. जास्त काढली की आवाजातला श्वासही तिच्याबरोबर निघून जातो. आता मी मूळ फाईल तशीच ठेवते आणि साफ केलेली प्रत शेजारी ठेवते.

शनिवार

बाबांच्या गाडीसाठी गीतरामायणाचा पेनड्राइव्ह करून दिला. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेली ही 56 गीते, आणि मूळ प्रसारणात निरनिराळे गायक असले तरी बाबांना हवे आहे ते बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, एकट्याच्या स्वरातले. गाडीतला प्लेअर फ्लॅक वाचत नाही, फाईलच्या पोटातले रकाने म्हणजे टॅगही वाचत नाही, देवनागरी नाव दिसले की चौकोन दाखवतो, आणि फाईली नावाच्या क्रमाने वाजवताना 1 नंतर 2 न घेता थेट 10 घेतो, म्हणजे रामकथा पहिल्या गीतावरून एकदम दहाव्यावर जाऊन मग खूप मागाहून दुसऱ्यावर परतते. म्हणून सगळ्या एमपीथ्री करून त्यांना 01 ते 56 अशी नावे दिली. गीताचे, रागाचे, तालाचे नाव नको का, असे मी विचारले, तर ते म्हणाले, “मला पाठ आहेत, तू फक्त क्रम चुकवू नकोस.”