माल्टाचाच का?

"मेस्सी, एम्बाप्पे सोडून हा माल्टाचा टेडी तेउमा कुठून शोधून काढलात?" आमच्याकडे मॅच बघायला येणारा प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

मला उशिरा फळणारी माणसं आवडतात. तेउमाचा जन्म १९९३चा, फ्रान्समधला. ज्या वयात बाकीच्यांचे कोट्यवधींचे सौदे होतात, त्या वयात हा खालच्या विभागांत खेळत होता. आधी इएर, मग बुलोन्य, मग रेड स्टार, असे फ्रान्सचेच क्लब. जानेवारी २०१९मध्ये ब्रसेल्सच्या युनियन सेंट-जिलोआजकडे गेला तेव्हा तो पंचविशीत होता आणि क्लब बेल्जियमच्या दुसऱ्या विभागात. अकरा विजेतेपदांचं जुनं घराणं, पण त्यातलं शेवटचं १९३५चं! पडका वाडाच म्हणा ना.

तिथे हा मधल्या फळीचा कणा झाला, कर्णधारही झाला. २०२१मध्ये युनियन ४८ वर्षांनी पहिल्या विभागात परतला आणि पहिल्याच हंगामात साखळीत अव्वल आला. साखळीनंतर वरच्या संघांत होणाऱ्या प्लेऑफमध्ये मात्र क्लब ब्रुजनं विजेतेपद पळवलं. पुढच्या वर्षीचं दुखणं याहून मोठं. ४ जून २०२३, शेवटचा सामना, घरचं मैदान, समोर पुन्हा ब्रुज. नव्वदावं मिनिट जवळ येईपर्यंत १-० आघाडी. मग धडाधड तीन गोल खाल्ले आणि विजेतेपद हातचं गेलं. ती रात्र मी जेवलो नाही, हे घरी अजून ऐकवलं जातं.

आणि माल्टा? घराण्याची मुळं तिथली, म्हणून २०२०मध्ये नागरिकत्व मिळालं आणि राष्ट्रीय संघाची दारं उघडली. बृहन्मुंबईच्या जवळपास निम्म्या आकाराचा देश, त्याला असा खेळाडू मिळणं म्हणजे लॉटरी. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. पुणे एफसीचा इझुमी अराता आठवतो? त्यालाही भारताकडून खेळायला जपानी पासपोर्ट सोडावा लागला होता. तेउमाला असं काही सोडावं लागलं नाही.

२०२३च्या उन्हाळ्यात तो फ्रान्सच्या रॅंस क्लबकडे गेला. २४ मे २०२५ला रॅंस फ्रेंच कपची फायनल पॅरिस सेंट-जर्मेनकडून ०-३नं हरला. दुसऱ्याच दिवशी तिकडे ब्रसेल्समध्ये, ९० वर्षांनी, युनियन चॅम्पियन झाला.